सत्तेचाळीस नंबर बाहेर आहे

कपाट ग्रामपंचायतीने दिलं, म्हणजे
जुनं, मतदारयाद्यांचं,
एका पायाखाली वीट लागते ते.
वरच्या कप्प्यात गटाची सतरंजी, हळदीकुंकवाच्या वाट्या,
खालच्या दोनांत पुस्तकं. एकशे बारा.
किल्ली माझ्याकडे. वहीही.

दर दुसऱ्या शनिवारी हप्ते गोळा झाले की
मी सतरंजी झटकते आणि पुस्तकं मांडते
बाजारात भाजी मांडावी तशी,
जाड एकीकडे, बारकी एकीकडे.
पुस्तकाचं नाव घेऊन कुणी मागत नाही.
"मला ते विहिरीतल्या सवतीचं दे."
"अठरा नंबर आलं का?"
"रडवणारं नको बाय, मागच्या खेपेला
भाजीत मीठ दोनदा पडलं."

परत येतात ती ज्याच्या त्याच्या घरचा वास घेऊन.
वैजंताकडून धूर.
सुगंधाकडून भेंडीची लव,
पान उलटलं की माझ्या मनगटाला खाजतं.
खुणेला एस्टीचं तिकीट, टोकावडे ते मुरबाड,
नाहीतर रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.
एकदा पान एकोणसत्तरच्या समासात
'दूध, भोईरांकडे बाकी, साडेतीन लिटर.'
त्या दिवशी नियम चौथा झाला :
पुस्तकात हिशेब लिहू नये.

पहिला, उशिराला आठवड्याला रुपया.
दुसरा, फाटलं तर भाताच्या खळीने चिकटवून आणावं.
तिसऱ्यावर दोन सभा गेल्या.
घेणारीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लिहायचं का?
गावात आडनावं तीन, पष्टे, विशे, हरड,
आणि मंदा चार. ओळखायचं कसं?
तान्हीआजी, जिला वाचता येत नाही,
जी दर खेपेला एक पुस्तक नेते आणि वेळेत आणते,
सुपारी कातरता कातरता म्हणाली,
"पुस्तक तो वाचणाराय का?"
झालं. तेव्हापासून वहीत
मंदा विहिरीवरची, मंदा शिवणवाली,
मंदा चष्मा, मंदा धाकटी.

सत्तेचाळीस नंबर धाकटीकडे आहे.
नेल्याची तारीख नऊ जून.
आणल्याची, कोरी.
दहा जूनला उजाडायच्या आत ती गेली.
कडेवर पोर, हातात एक पिशवी.
नवरा आला होता या कपाटाशी,
"काय वाचायला द्यायचात तिला?"
वही मी पदराखाली घेतली.
म्हटलं, लोणची-पापडाचं.

दर मार्चात मोजणी असते.
शेवंता खजिनदार, म्हणते, गहाळ लिही,
दीडशे रुपये गटातून टाकू, विषय संपव.
मी पेन झटकत बसते.
तीन मार्च झाले,
त्या ओळीत 'गहाळ' मला लिहवत नाही.
'बाहेर' लिहिते.

काल आवणीहून येऊन पाय धूत होते
तर फोन. नंबर अनोळखी.
मागे यंत्राची घरघर, कुणीतरी हिंदीत ओरडतंय.
"ताई, तुर्भ्याला असते मी. पॅकिंगमध्ये.
दंड किती झाला?"

आणि मी खरंच मोजायला लागले,
बावन्न त्रिक एकशे छप्पन, वर पाच आठवडे,
त्यातनं पहिला पंधरवडा वजा.
"एकशे एकोणसाठ."
ती हसली. हसल्यावर ओळखली मी तिला,
त्याआधी नुसतीच एक आवाज होती.

"वाचून झालं का गो?"
"शेवटची वीस पानं ठेवलीत."
"वेळ नाही मिळत?"
"मिळतो. पण संपलं
तर परत आणावं लागेल ना."

पोर दुसरीत आहे म्हणाली. मग भोंगा झाला.

पायाचा चिखल तसाच ठेवून मी वही काढली.
मुदत वाढवली, लिहिलं.
कधीपर्यंत, ते लिहायला रकाना नाही आमच्या वहीत.
शनिवारी शेवंता विचारेल. विचारू दे.

कपाटात छेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधे
मी बोटभर फट ठेवते.
विटेवरचं कपाट, जरा धक्का लागला की
अठ्ठेचाळीस कलंडतं त्या फटीत.
मी उभं करते.